कड्याखालचा डोह

मासा घरट्यावर असताना गळ टाकायचा नाही, असा आमच्या घरात नियम होता. बाकीचे नियम बायबलात होते, हा एक आमच्या पपांनी केलेला. बायबलातले आम्ही अधूनमधून मोडले असतील. हा नाही.

ज्यांनी बास मासा फक्त ताटात पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. वसंतात डॉगवुडच्या झाडांवर पांढरी फुलं आली की बासचा नर शेपटीनं गोटे झाडून थाळीएवढी जागा साफ करतो. मादी येते, अंडी घालते आणि चालती होते. मग राखण नरानं करायची. देवानं इतकी जनावरं केली, त्यात या एकाच्या घरी कामाची वाटणी नीट केली. त्या दिवसांत तो खात नाही, जागा सोडत नाही, अंड्यांभोवती फिरत राहतो आणि जे जवळ येईल त्याच्या अंगावर जातो. गळ समोर सोडला तर भूक नसतानाही तोंडात घेणार. आंधळासुद्धा धरेल त्याला. आणि तो वर आला की टपलेले बारके मासे अंड्यांवर तुटून पडतात. आपण गळ सोडवेपर्यंत खाली घरटं साफ.

म्हणून डॉगवुड फुलल्यापासून ब्लॅकबेरीची फुलं गळेपर्यंत आमच्या डोहात कुणी गळ टाकायचा नाही. फुलं गळाली की पहिला मासा धरायचा, ओढ्याकाठी गोट्यांवरच चूल मांडायची, मासा मक्याच्या पिठात घोळवून डुकराच्या चरबीत तळायचा, आणि दोन्ही काठांच्या माणसांनी एकत्र जेवायचं.

दोन्ही काठ म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण व्हेल्डा. पपा गेले तेव्हा ओढ्याच्या पश्चिमेची जमीन मला आली, पूर्वेची तिला. मधून बकहॉर्न ओढा. ओढा तसा केवढा, वासरानं अंग चोरून उडी मारली तर पलीकडे जाईल. पण व्हेल्डाच्या बाजूला चुनखडीचा उंच कडा आहे, त्याच्या पायाशी पाणी वळसा घेतं, आणि तिथे डोह. पपा सहा फूट उंच होते. डोहात हात वर करून उभे राहिले तरी बोटं बुडायची. हा डोह कुणाच्या बापाचा नाही, असं आमचा बापच म्हणायचा. वाटणीच्या कागदात त्यांनी त्याचं नाव येऊ दिलं नाही.

मी शाळेत चार वर्षं गेले, त्यातलं एक गोवरात गेलं. पण पाणी मला वाचता येतं. दगड उलटून नांग्यांचा झिंगा धरावा, शेपटीत गळ ओवावा, वजन न बांधता सोडून द्यावा, पाणी नेईल तिकडे जाऊ द्यावा. बोटावर दोरी ठेवली की मासा झिंग्याला हुंगतोय की चावतोय ते मला कळतं. या खोऱ्यात माझ्याइतके बास धरलेलं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. व्हेल्डाचा नवरा कॉय बरा धरायचा. बरा म्हणजे बरा.

आता भांडणाचं सांगते.

बारा वर्षांपूर्वीचा एप्रिल. माझा नवरा आर्विल तेव्हा अंथरुणाला खिळला होता. पोटात गाठ होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, मी त्याला घरी आणून पुढच्या खोलीत झोपवला होता. व्हेल्डा एक दिवसाआड ताट पाठवायची, निळ्या काठाचं इनॅमलचं, वर फडकं बांधून. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी कधी अंडी ठेवायची, कधी लोणच्याची बाटली.

त्या शुक्रवारी एक गाय व्यायली होती, तिला पाहायला मी खाली ओढ्याकडे गेले. डॉगवुड पांढरं झालं होतं. समोरच्या काठाला कॉय गुडघ्यावर बसला होता आणि त्याच्या हातातली काठी वाकली होती. मासा त्यानं वर घेतला. हातभर लांब, तपकिरी, पाठीवर पट्टे. नर. तो आला कुठून ते मला माहीत होतं, कारण ते घरटं मी आठवडाभर रोज पाहत होते. कॉयनं मासा पोत्यात घातला. मी झाडाआड होते, त्याला दिसले नाही.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतर ब्रदर हर्शेल नेहमीप्रमाणे म्हणाले, "कुणाच्या मनावर काही ओझं असेल तर उतरवा."

मी उठले. म्हटलं, "माझ्या मनावर नाही. मागून तिसऱ्या बाकावर बसलेल्या माणसाच्या असायला हवं."

आणि सांगितलं सगळं. घरटं, मासा, पोतं. हेही सांगितलं की ज्याला सासऱ्याचा एवढा एक नियम पाळता येत नाही त्यानं सासऱ्याच्या जमिनीवर पेरणी करू नये. लोक खाली मान घालून बसले. आमच्या भागात मासा चोरलेला लोक विसरतात, घरट्यावरून उचललेला विसरत नाहीत. कॉय उठला, खुंटीवरची टोपी घेतली आणि बाहेर गेला. व्हेल्डा त्याच्या मागोमाग. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं रागानं पाहील. तसं नव्हतं. कपात काही राहिलंय का म्हणून आपण आत पाहतो, तसं पाहिलं.

त्या चर्चमध्ये ते दोघं पुन्हा आले नाहीत. चौदा मैलांवरच्या चर्चला जायला लागले. आर्विल गेला तेव्हा दफनाला आले, मागे उभे राहिले आणि मागच्या मागे गेले. त्यानंतर अकरा वर्षं एक शब्द नाही. ब्लॅकबेरीची फुलं गळाली की मी माझ्या काठावर तळायची, ते त्यांच्या. धूर तेवढा वर जाऊन एक व्हायचा.

मग गेल्या वर्षी मे महिन्यात पूर आला.

पहाटे जाग आली ती आवाजानं नाही, आवाज नव्हता म्हणून. पन्नास वर्षं मी त्या खळाळावर झोपले आणि उठले. बूट चढवून खाली गेले तर माझ्या बाजूचा ओढा कोरडा. गोटे, चिखल, डबक्यात तडफडणारी बारकी मासळी आणि बगळ्यांची पंगत. पाण्यानं वर व्हेल्डाच्या कुरणातून सरळ नवी वाट काढली होती आणि डोहात पलीकडून शिरलं होतं. डोह होता तिथेच होता, पण त्याचं तोंड त्यांच्या बाजूला गेलं. माझ्या बाजूला उरली गोट्यांची उंच पुळण. तिथून गळ फेकला तर निम्म्या वाटेतच पडायचा.

आणि त्यांच्या काठावर, जिथे आधी कड्याची अवघड पायवाट उतरून यावं लागायचं, तिथे कुरणातून थेट पाण्यापर्यंत पिकअप येऊन उभी होती. पाण्याशी पालथ्या बादलीवर कॉय. दोन वर्षं तो कुठे दिसला नव्हता. छातीत पाणी होतं, पन्नास पावलं टाकली की धाप लागायची, असं डॉइल, माझा मुलगा, सांगायचा. आता पुरानं त्याला डोह दारात आणून दिला होता.

त्यानं मला पाहिलं, टोपी काढली आणि हलवली.

आज विचार करते तेव्हा वाटतं, म्हाताऱ्यानं नमस्कार केला असेल. तेव्हा मला वाटलं, दाखवतोय.

डॉइलला मी त्याच दिवशी बोलावलं. लोकांची गुरांची तळी खणायचा त्याचा धंदा. स्वतःचा बुलडोझर आहे, त्याच्यावर बायकोपेक्षा जास्त जीव.

"ओढा परत आण," मी म्हटलं.

त्यानं टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "आई, ओढा म्हणजे काय गाय आहे का, दावं धरून आणायला?"

"वर तोंडाशी बांध घाल. नवी वाट बुजली की जुन्या वाटेनं येईल."

"त्याला लागणारे गोटे कुठून आणू?"

"एवढी पुळण पडलीय डोळ्यांसमोर, आणि गोटे कुठून म्हणे."

"पुळणीवर सायकॅमोर आहेत. वाळुंज आहे. ती काढावी लागतील. ती झाडं काढली की खालचं सगळं मोकळं होतं गं. पाण्यानं जायचं ठरवलं तर जाऊ द्यावं."

"तुझ्या बापाचंही हेच. जाऊ द्यावं, असू द्यावं. म्हणून गोठ्याचं दार चाळीस वर्षं तिरकं राहिलं. लोकांची तळी खणतोस, आईच्या वेळी डिझेल संपतं का तुझं?"

तो गेला. दुसऱ्या दिवशी येईल असं वाटलं होतं, तिसऱ्या दिवशी आला, आणि बुलडोझर न घेता आला. हातात टोपी. टोपी हातात असली की हा पोरगा दुसऱ्या कुणाचं तरी बोलायला आलेला असतो.

"व्हेल्डामावशीकडे गेलो होतो," तो म्हणाला.

"जेवायला घातलं का?"

"घातलं. आई, कॉयकाका फार दिवसांचे नाहीत. डॉक्टरनं पानगळीपर्यंत सांगितलंय. संध्याकाळी त्यांना पिकअपमधून आणून बसवते मावशी. मासा लागला तर लागला, नाही तर नुसते बसतात. मावशी म्हणाली, एवढा एक उन्हाळा राहू दे. ते गेले की ओढा ने, डोह ने, कडासुद्धा ने म्हणाली."

मी भांडी घासत होते. घासत राहिले.

"मी काय सांगू तिला?" डॉइलनं विचारलं.

"सांग, डोह कुणाच्या बापाचा नाही."

"आई."

"सांगायचं तर एवढंच सांग. नसेल जमत तर बुलडोझर आण, म्हणजे न सांगता कळेल."

जूनमध्ये त्यानं बुलडोझर आणला. चार दिवस काम चाललं. मी घडीची खुर्ची घेऊन गोट्यांवर बसायची आणि हातानं दाखवायची, इकडे, अजून इकडे. सायकॅमोरची तीन झाडं पडली, त्यातलं एक माझ्या वयाचं. त्यांच्या मुळांनी गोटे असे आवळून धरले होते की उपटताना हिरडीतून दात निघावा तसा आवाज यायचा. दुसऱ्या दिवशी जेफरसन सिटीहून मासेखात्याचा माणूस आला. कुणी कळवलं ते मी विचारलं नाही.

"बाई," तो म्हणाला, "हे गोटे झाडांनी धरून ठेवले होते. तुम्ही त्यांना सुटं केलंत. पुढच्या मोठ्या पाण्यात हे सगळे निघतील आणि जिथे खोल जागा सापडेल तिथे जाऊन बसतील."

"वय काय तुमचं?"

"एकतीस."

"माझ्या पायातले मोजे याहून जुने आहेत. हा ओढा मी बहात्तर वर्षं पाहतेय."

"मग तुम्हाला माहीतच असणार," तो म्हणाला, आणि एक कागद डॉइलच्या हातात देऊन गेला. कागद डॉइलनं बुलडोझरच्या सीटखाली ठेवला.

व्हेल्डा रोज पलीकडे येऊन कुंपणाशी उभी राहायची. हाताची घडी. ओरडली नाही, शेरीफला बोलावलं नाही. चौथ्या दिवशी बांध पुरा झाला, पाणी एक तासभर फुगलं, गोंधळलं, आणि मग हळूच माझ्या जुन्या वाटेला लागलं. त्या रात्री मी खळाळ ऐकत झोपले. जिंकले होते.

व्हेल्डाचं कुरण चिखल होऊन राहिलं, पिकअप तिथून पाण्यापर्यंत जाईना. कड्याची पायवाट कॉयला झेपण्यातली नव्हती. त्याची बादली मात्र तिथेच होती, पालथी. जुलैत मी डोहातून पाच बास काढले. प्रत्येक वेळी मासा वर घेताना समोर ती बादली दिसायची. पहिला मासा एकटीनंच तळला. डॉइल आला, एक तुकडा खाल्ला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे." मीठ बरोबर होतं.

ऑक्टोबरात कॉय गेला. मी चौदा मैलांवरच्या त्या चर्चला गेले, मागे उभी राहिले. जाताना कोंबडी आणि डंपलिंगचं मोठं भांडं नेलं होतं, ते स्वयंपाकघरात ठेवून आले. आठ दिवसांनी डॉइलच्या हाती भांडं परत आलं. घासलेलं, पुसलेलं, रिकामं. आत एक अंडंसुद्धा नाही.

"घाईत असेल मावशी," डॉइल म्हणाला.

मी भांडं फडताळात वरच्या फळीवर ठेवलं. का ते पुढे सांगते.

मार्चमध्ये तीन दिवस पाऊस पडला. फार मोठा नाही, दर दोन-चार वर्षांनी पडतो तसा. बांध पहिल्याच दिवशी फुटला, त्याचं काही नाही. पण रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला जमिनीतून घरघर ऐकू येत होती. जात्यासारखी. गोटे चालले होते. मला वाटलं, वाहून जातील मिसिसिपीपर्यंत. एवढ्या लांब जायची त्यांना गरज नव्हती. खोल जागा जवळच होती.

पाणी उतरायला दोन आठवडे लागले. एप्रिलमध्ये, डॉगवुड पांढरं झालं त्या दिवशी, मी खाली गेले. कडा होता. कड्याच्या पायाशी डोह नव्हता. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गोटे, धुतलेले, स्वच्छ, आणि त्यांच्यावरून घोट्याएवढं पाणी. मी रबरी बूट घातले होते. चालत मधोमध गेले. जिथे माझ्या बापाची बोटं बुडायची तिथे माझे बूट वरून कोरडे राहिले.

तिथेच उभी होते तेव्हा व्हेल्डा कड्याच्या वाटेनं उतरून आली. इतक्या जवळून तिला मी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. पपांची हनुवटी तिच्या चेहऱ्यावर आली होती.

"पाय भिजले का?" तिनं विचारलं.

"बूट आहेत."

"कशाला बूट. चर्चला जावं तसं चांगले जोडे घालून येता येईल आता."

 तिनं कॉयची ती बादली शोधली. नव्हती, वाहून गेली होती. एका दगडावर बसली.

"कॉयला मी शेवटी खिडकीशी बसवायची," ती म्हणाली. "तिथून कडा दिसतो, पाणी दिसत नाही. संध्याकाळ झाली की म्हणायचा, ओर्फा आता बसली असेल. आता झिंगा सोडला असेल. रागानं नाही म्हणायचा. मला त्याचाच राग यायचा."

"तुझा निरोप मला मिळाला होता."

"ते ठाऊक आहे. उत्तरही मिळालं."

वर कड्यावर कावळा ओरडत होता. तो थांबेपर्यंत ती थांबली.

"तो मासा आर्विलनं मागितला होता," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तुला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. ताट रिकामं आलं तेव्हाच कळलं." ती माझ्याकडे न पाहता गोटे चाळवत होती. "कॉयला मी सांगितलं नाही. तो मरेपर्यंत समजत राहिला की तुला ठाऊक नाही म्हणून तू बोललीस. आर्विलपाशी बसायला आला होता तेव्हा त्यानं त्याला शब्द दिला होता, तुला सांगणार नाही असा. चर्चमध्ये उठून एक वाक्य बोलला असता तर तुझं तोंड काळं झालं असतं. त्याऐवजी टोपी घेऊन बाहेर गेला. मग तू का बोललीस, ताई?"

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. डॉइललाही नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी निळ्या काठाचं ताट आलं. सोबत निरोप होता, बारक्या माशांचे तुकडे आहेत. आर्विलच्या पोटात तीन दिवस पाण्याखेरीज काही राहिलं नव्हतं. तो मासा त्यानं बोटांनी मोडून सगळा खाल्ला, डोळे मिटून, आणि बोटं चाटली. मी ताट घासायला घेतलं. ताटात काटे होते. बासचे काटे मला अंधारात हाताला कळतात. दुपारी पोत्यात गेलेला मासा मी पाहिला होता आणि संध्याकाळी त्याचे काटे माझ्या हातात होते. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आणि त्याच्या आदल्या रविवारी आर्विल मला म्हणाला होता, "ओर्फा, डोहातला बास खावासा वाटतो."

मी म्हटलं होतं, "ब्लॅकबेरीची फुलं गळू देत."

तो हसला. "तोवर मी गळेन की."

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं, आणि त्याची उशी सरळ केली. मला वाटलं होतं, गंमत करतोय. नाही, तेही खरं नाही. मला कळलं होतं. पण पपांचा नियम मी मोडणार नव्हते, आणि मी मोडत नाही म्हटल्यावर माझ्या नवऱ्यानं तो माझ्या बहिणीच्या घरून मोडून घ्यावा, शेवटचा घास तिच्या चुलीवरचा खावा, आणि बोटं चाटावी, हे मला गिळवलं नाही. ताट मी घासलं, पुसलं, आणि रिकामं पाठवलं. दोन दिवसांनी चर्चमध्ये उठले. आर्विलवर मला ओरडता येत नव्हतं. नऊ दिवसांनी तो गेला.

यातलं व्हेल्डाला मी काही सांगितलं नाही. "गोटे पाहायला आले होते," एवढंच म्हटलं.

"पाहा," ती म्हणाली.

उठताना ती थांबली आणि बोटानं दाखवलं. तिच्या पायाजवळ, वीतभर पाण्यात, एक बास होता. नर, हाताच्या पंजाएवढा, पहिल्याच वर्षाचा बाप. शेपटीनं गोटे झाडून त्यानं बशीएवढी जागा साफ केली होती आणि तिच्यावर उभा होता. त्याची पाठ जवळजवळ हवेत होती. खोल पाण्यात कधी घरटं केलेलं नाही, तर त्याला काय ठाऊक, डोह कशाला म्हणतात.

"पाणी उतरतंय," व्हेल्डा म्हणाली. "रविवारपर्यंत इथे कोरडं होईल."

"रविवारपर्यंत कशाला, शनिवारीच."

"तू म्हणतेस तर शनिवारी."

ती वर निघून गेली. तिच्या गुडघ्यांचा आवाज मला खालपर्यंत येत होता. मी तिथेच थांबले, दोन वेळा बगळ्याला दगड मारला. शनिवारी सकाळी गेले तेव्हा ती बशी उघडी पडली होती आणि अंडी वाळून गोट्यांना चिकटली होती. मासा नव्हता. निघून गेला की बगळ्यानं नेला, ते समजलं नाही.

डॉइल दर रविवारी म्हणतो, "आई, बुलडोझर आणून डोह खणून देऊ का?" मी म्हणते, तू जेव. तो मनापासून म्हणतो. त्याला वाटतं मी पाण्यासाठी झुरतेय.

मेच्या मध्याला ब्लॅकबेरीची फुलं गळाली. डोह नसला तरी फुलं गळतात. मी गावात जाऊन दुकानातला मासा आणला, तळ्यात पाळलेला, चिखलाची चव असलेला, एरवी मी मांजराला घातला नसता. मक्याच्या पिठात घोळवला, चरबीत तळला. मीठ दोनदा चाखून पाहिलं. फडताळातल्या वरच्या फळीवरचं ते भांडं काढलं, जे मला रिकामं आलं होतं. त्यात तुकडे भरले, वर फडकं बांधलं आणि डॉइलच्या हाती पलीकडे पाठवलं.

"काही निरोप?" त्यानं विचारलं.

"नाही. भांडं माझं आहे, तिला ठाऊक आहे."

त्याला तीन आठवडे झाले. भांडं आलेलं नाही, भरलेलंही नाही आणि रिकामंही नाही. डॉइल म्हणतो, विसरली असेल मावशी.

व्हेल्डा भांडं विसरणारी बाई नाही.